वैजू, सुती साडीची आट तू चुकलीस

वैजू, तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते सगळे बोलून गेले. सतरंज्या कमी पडाव्यात इतके लोक आले आणि प्रत्येकानं तेच सांगितलं, वैजयंती मॅडमना राग म्हणून ठाऊक नव्हता, मॅडम कधी चुकल्या नाहीत. मी चहा देत होते आणि ऐकत होते. एक बाई मला म्हणाली, "मॅडमसारखी जाऊ मिळायला नशीब लागतं हो." मी कप तिच्यासमोर जरा जोरात ठेवला.

तू घरात आलीस त्या दिवसापासून मी तुझ्यावर जळते. हे तुला माहीत होतं. तू गेलीस म्हणून ते थांबेल असं वाटलं होतं, पण थांबलेलं नाही.

कशावर जळायचे ते सांगते. बेळगावात, आपल्या खासबागच्या बाजारात मी भाजीवालीशी पाव तास हुज्जत घालून मेथीची एक जुडी जास्त मिळवायची. तू माझ्या शेजारी नुसती उभी असायचीस. ती बाई माझ्याकडे डोळे वटारून बघायची आणि मग हसून तुझ्या पिशवीत कोथिंबीर टाकायची, "घ्या की मॅडम." तू मागितलेलंही नसायचं. मी निपाणीच्या बाजारपेठेत वाढलेली मुलगी. बोलल्याशिवाय, घसा कोरडा केल्याशिवाय मला आयुष्यात कुणी काही दिलं नाही. मामंजींचे माग विकले गेले तेव्हा मी दोन माग भाड्यानं घेतले आणि त्या दोनांचे चौदा केले. सुतवाले मला बघून गल्ली बदलतात. एवढं करून आपल्या सासूबाई, आत्ती, कुणालाही ओळख करून देताना म्हणायच्या, "ही थोरली, माग बघते. आणि ही आमची वैजू." तुझ्या नावापुढे त्यांना काही जोडावं लागायचं नाही.

आणि तू कॉलेजात शिकवायचीस ते पायथन, संगणकाला काम सांगायची भाषा, तेही तुझ्याकडूनच शिकावं लागलं.

मच्छे गावच्या कारखान्यांत संगणक बसवून देणारा एक माणूस आपल्याकडे आला होता, आठवतंय? साडीच्या ताण्याचा, म्हणजे मागावर लावायच्या उभ्या सुताचा, हिशोब मशीन करील म्हणाला. विणताना सूत आटतं. जेवढा ताणा लावावा तेवढं कापड येत नाही, म्हणून किती जास्त लावायचं ते आधी काढावं लागतं. आम्ही त्याला आट म्हणतो. रेशमासारख्या धाग्याची आट कमी, सुताची जास्त. हे गणित मी तोंडी करायची, पण माग वाढले तसं चुकायला लागलं होतं. त्या माणसाला मी भाव करून करून निम्म्यावर आणलं, तरी पटेना. शेवटी म्हटलं, "उठा. माझं मी शिकते."

तू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणालीस, "शिका की आक्का. मी शिकवते."

मला वाटलं होतं तू हसशील. हसली नाहीस, याचाही मला राग आला.

चौदा माग चालू असताना घरात कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आपली शाळा लाईट गेली की भरायची. सगळे माग एकदम थांबायचे, कारागीर बाहेर पान खायला जायचे आणि तू लॅपटॉप घेऊन ताण्याच्या खोलीत यायचीस. बॅटरी संपेतो किंवा लाईट येईतो, जे आधी होईल तोवर. कधी दहा मिनिटं, कधी अर्धी सकाळ. शेजारपाजारचे लाईट गेली की वीजमंडळाला शिव्या घालायचे. मीही घालायची, पण हळू आवाजात.

पायथनमध्ये नावं मराठीतही देता येतात हे तूच दाखवलंस. मग मी 'साडी' नावाचा क्लास लिहिला, म्हणजे प्रत्येक साडी ज्यातून निघते तो साचा. त्यात 'आट' नावाची मेथड, म्हणजे आट काढायची रीत, आणि 'ताणा' नावाची दुसरी, जी किती नगांना किती लांबी ते सांगते. एखादं गिऱ्हाईक वेगळ्या रीतीनं हिशोब सांगतं, म्हणून 'ताणा'ला रीत बाहेरून देता यावी, आणि नाही दिली तर आपली नेहमीचीच लागावी, असं मला हवं होतं. तू म्हणालीस, "मग कंसातच डीफॉल्ट देऊन टाका." मी जोरात `रीत=self.आट` असं लिहिलं. मशीननं सांगितलं, self कोण ते मला ठाऊक नाही.

"ठाऊक न्हाय म्हणजे? वरच्या ओळीत ह्यालाच तर लिवलंय!" मी ओरडले.

"अहो आक्का, मशीन क्लास वाचत खाली येतंय. 'ताणा'ची ओळ आली की बरोबरच्या खुणेपुढचं त्याच वेळी पक्कं करून टाकतं. तेव्हा एकही साडी जन्मलेली नसते. self म्हणजे ती एक साडी. जन्मायच्या आधीच तिला हाक मारताय."

"मग कुणाला मारू? तुझ्या नवऱ्याला?"

"नुसतं आट लिहा. ती वर लिहून झालीय, मशीनला दिसते."

मी तसं लिहिलं, `def ताणा(self, नग, रीत=आट):`, आणि चाललं. तू टाळी दिलीस. मी घेतली. त्या टाळीपासून तू मला 'तुम्ही'वरून 'तू' म्हणायला लागलीस. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी जागीच सुनावलं असतं.

मग मी सुती साड्यांचं विचारलं. सुतीची आट वेगळी. तू म्हणालीस, 'साडी'ची एक मुलगी कर, 'सुतीसाडी'. बाकी सगळं आईचं घेईल, फक्त आट स्वतःची ठेवील.

मी व्यापारी बाई. मी विचारलं, "पण 'ताणा' तर आईच्या घरात लिवलाय. तो मुलीची आट घेईल कशावरनं?"

"मुलीची असली की मुलीचीच लागते गं. नियमच आहे तो." तू शिकवताना जवळ ठेवायचीस त्या वहीचं सदतिसावं पान उघडून दाखवलंस. तुझ्या अक्षरात, हिरव्या शाईत: डीफॉल्टला मेथडचं नाव द्यावं, मुलीच्या क्लासनं ती मेथड बदलली, तर तिचीच लागेल. मी काही बोलणार तेवढ्यात लाईट आली, माग सुरू झाले आणि तू वही माझ्यापुढं ठेवून, लॅपटॉप छातीशी धरून निघून गेलीस.

पुढचं सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. निपाणीच्या दुकानाची सुती साड्यांची ऑर्डर होती. ताण्यावर एक साडी जिथं संपते तिथं रंगाची खूण करतात आणि विणकर त्या खुणेवर पदर संपवतो. मी खुणा तुझ्या पायथननं सांगितल्या तिथं केल्या. उतरल्यावर साड्या मापल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी माल न मापता पाठवला, कारण मला वाटलं, आता हे शिकलेल्या माणसाचं काम आहे.

दुकानदारानं मला बोलावून घेतलं. त्याच्या बायकोनं एक साडी नेसून दाखवली. निऱ्या घालताना तिच्या हातात कापडच उरेना.

"राजमतीआक्का," दुकानदार गादीवर टेकून म्हणाला, "साडी म्हणून दिलीस, हा पंचा हाय. आमच्या आण्णांना आंघोळीला ठेवून घेऊ काय?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळी हसली. मी त्या दुकानात वीस वर्षं मान वर करून गेले होते.

घरी आले तर आत्ती म्हणाल्या, "डोकं सदा तापलेलं, हाताला घाई. वैजूला विचारून करायचं की गं." तू परत आलेल्या साडीचा काठ बोटांत धरून बघत होतीस. मग अगदी हळू, त्या तुझ्या आवाजात विचारलंस, "आक्का, घाईत एखादा आकडा चुकीचा घातलास काय?"

एवढंच विचारलंस. त्यात वाईट काही नव्हतं. पण आत्ती होत्या, भाऊजी होते, दारात दोन कारागीर उभे होते. मी म्हटलं, "व्हय, घातला! चुकले! दहावी नापास बाई चुकणारच! झालं समाधान?" आणि लॅपटॉप आपटून मिटला.

म्हणजे चूक मी स्वतःच्या तोंडानं अंगावर घेतली. रागात घेतली, पण घेतली. आणि तीच पुढं माझ्या नावावर राहिली. मला स्वतःलाही खरंच वाटत होतं की माझीच असणार. वही तुझी, पदवी तुझी. चुकायला मी सोडून होतंच कोण?

त्यानंतर दोन वर्षं लाईट जायची, माग थांबायचे आणि आपण दोघी दोन खोल्यांत असायचो. तू एकदा दारापर्यंत आली होतीस. मी सूत मोजत असल्याचं सोंग केलं. पुन्हा आली नाहीस. तुला वाटलं असेल, आक्काचा राग ओसरला की बोलू. माझा राग ओसरतो का, वैजू? तुला एवढं कळायला हवं होतं.

मग तू आजारी पडलीस. दवाखान्यात तू विचारलंस, "माग कसे चाललेत?"

"चाललेत."

"आणि पायथन?"

"त्याला काय, पडलंय कोपऱ्यात."

ते खोटं होतं. मी ते कधीच सोडलं नव्हतं. तुझा लॅपटॉप नको म्हणून मुलाचा जुना घेतला होता. लाईट गेली की मी ताण्याच्या खोलीचं दार लावून बसायचे. फक्त सुतीच्या वाटेला गेले नव्हते. ते गणित पुन्हा कागदावर करत होते. तुला खरं सांगितलं असतं तर तू हसली असतीस, आणि मला तुझं ते खूश होणं बघायचं नव्हतं. इतकी मी कोती आहे. आता ते तुला सांगायचं राहिलं आहे, आणि राहणार आहे.

गेल्या आठवड्यात तुझी विद्यार्थिनी दीपा आली. तुझी मराठीतली पायथनची वही तुझ्या आठवणीसाठी पुस्तक करून छापायची म्हणाली. वही आक्कांकडे आहे असं तूच तिला कधी सांगितलं होतंस. प्रस्तावनेसारखं मीच काही लिहावं असाही तिचा आग्रह. मी म्हटलं, चार दिवस थांब. कुठलाही माल मी न तपासता हातातून सोडत नाही. एकदा सोडला, त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

एकेक पान मशीनवर चालवून बघितलं. सगळं बरोबर. तुझं बरोबर असणं बघून बघून कंटाळा आला. मग सदतिसावं पान आलं. मी आई लिहिली, मुलगी लिहिली, मुलीला तिची आट दिली आणि मुलीचा ताणा विचारला. मशीननं आईच्या आटीनं उत्तर दिलं.

तीनदा चालवलं. मग 'आट'मध्ये शिरल्यावर मशीननं नाव ओरडावं अशी ओळ घातली. ओरडली ती आईचीच. मुलीची आट तिथंच होती, तिला कुणी विचारलंच नाही.

तेव्हा मला कळलं. तूच सांगितलं होतंस ना, की ती ओळ वाचतानाच डीफॉल्ट पक्कं होतं? मग ते पक्कं झालं तेव्हा मुलगी होती कुठं? मशीननं त्या दिवशी आईची आट मुठीत धरली ती सोडलीच नाही. मुलीची मेथड लागते हा नियमही खराच आहे, पण साडीच्या मार्फत, self मधून हाक मारली तरच. एकाच सकाळी तू मला दोन्ही गोष्टी सांगितल्यास आणि त्या एकमेकींच्या आड येतात हे तुझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी विचारलं होतं, कशावरनं.

वैजू, मी हसले. खरं सांगते, मोठ्यानं हसले. तू चुकलीस! सगळ्या बेळगावात जी बाई कधी चुकली नाही ती चुकली, आणि ते पकडलं कुणी, तर मी! मी उठले, दार उघडलं. समोर आत्ती तांदूळ निवडत होत्या.

"काय गं, काय झालं?"

काय सांगू त्यांना? क्लास सांगू? डीफॉल्ट सांगू? मी जिंकले हे ज्याला समजलं असतं असं एकच माणूस या घरात होतं. बाजारात मी इतक्यांना हरवलं, पण समोरचा उठून गेल्यावर भाव पटला असं कधी झालं नव्हतं.

दीपा आली तेव्हा मी तिला पान दाखवलं. तिनं स्वतः चालवून बघितलं. तिचा चेहरा उतरला.

"आक्का, आपण गुपचूप दुरुस्त करू. मॅडमचं पुस्तक आहे."

"न्हाय."

"मग ते पान गाळू."

"ते बी न्हाय."

"का पण? मॅडमच्या नावाला..."

"मॅडमच्या नावाला काय होतंय गं? दोन वर्षं माझ्या नावाला झालं ते कुणी बघितलं न्हाय!" मी ओरडले. आतून आत्ती म्हणाल्या, "सुरू झालं." दीपाला सगळं सांगितलं, पंच्यासकट. ती ऐकत होती आणि नुसती वही चाळत होती. मग म्हणाली, "ही वही आमची नाहीच की."

"म्हणजे?"

"मॅडमनी आम्हाला कधी साड्या शिकवल्या नाहीत. आमची सगळी उदाहरणं बँकेची, कर्मचाऱ्यांची, पुस्तकातली. मला वाटलं होतं ही कॉलेजची वही. हे तर पानापानावर ताणा, काठ, आट." ती थांबली. "आम्ही तीन वर्षं मागं लागलो होतो, मॅडम, मराठीत लिहून द्या. वेळ नाही म्हणायच्या."

वैजू, तिच्या तोंडावर जे आलं ते मला चांगलं ओळखता येतं. तीस वर्षं मी ते घेऊन फिरले आहे. ती पोरगी माझ्यावर जळत होती.

मला वाटत होतं तू कॉलेजातही साड्याच शिकवतेस. खासबागच्या मुली, घरोघरी माग, म्हणून. पुस्तकातलं उदाहरण उचललं असतंस तर चुकली नसतीस. ते लोक दहादा तपासून छापतात. माझ्यासाठी स्वतः रचायला गेलीस आणि चुकलीस. हे कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. उलट वाटलं, मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही म्हणालीस, थांबा, आधी माझी वही बघते? एकदा बघायचं होतंस. आणि मीही ती तुझ्यापुढं आपटायची होती, लॅपटॉपऐवजी.

वही द्यावीशीच वाटेना. मी ती मांडीवर घेतली. दीपानं अर्धा तास घासाघीस केली. बरी करते पोरगी. शेवटी ठरलं ते असं. सदतिसावं पान तुझ्या अक्षरात, हिरव्या शाईत, जसं आहे तसं छापायचं. समोरच्या पानावर माझ्या अक्षरात दुरुस्ती, खाली माझं पूर्ण नाव. माझं अक्षर वाईट आहे. असू दे. लोकांना दोन्ही दिसायला हवीत.

दुरुस्ती अशी आहे. कंसात कुठल्याही मेथडचं नाव द्यायचं नाही, `रीत=None` लिहायचं, म्हणजे जागा रिकामी ठेवायची. मग आत गेल्यावर बघायचं, कुणी रीत दिली आहे का. दिली असली तर ती. नसली तर तेव्हा विचारायचं, `self.आट`. तोवर साडी जन्मलेली असते, ती आपली आट आपण सांगते. आईची असो, मुलीची असो. आणि एक लक्षात ठेवायचं, self मधून घेतलेल्या मेथडला साडी पुन्हा हातात द्यावी लागत नाही, ती तिच्याजवळ असतेच. मी पहिल्यांदा दिली होती. मशीन बोंबललं. ते मी माझं मी शोधलं, हेही त्या पानावर लिहिलं आहे.

त्या हिशोबानं सुतीचा ताणा लावला होता, त्यातली पहिली साडी काल उतरली. पूर्ण मापायची तर दोघी लागतात, दोन टोकं धरायला. भाऊजी अंगणातच होते, हाक मारली असती तर आले असते. मी मारली नाही. दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि टेप घेऊन खोलीभर एकटी चालत गेले. साडी पुरी भरली, वैजू. बोटभरही कमी नाही.